ठेकेदाराच्या नावेची बॅटरी

आधीच सांगून ठेवते, माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही दिघोरीला, आणि धानाच्या रोवणीच्या दिवसांत अर्धी बुडालेली. त्यानंतर जन्मभर जे काही लिहिलं ते खडूनं, बॅटरीच्या अंगावर. तिथं तीनच शब्द लागायचे. 'झाली', 'उद्या' आणि 'मेली'. चौथ्या शब्दाची हाताला सवय नाही, तेव्हा चुका दिसतील त्या माफ करा.

वही नातीची आहे, मागची पानं कोरी होती. दिवाळी अंक काढणारे एक गुरुजी दोनदा घरी येऊन गेले. म्हणाले, "बाई, इतकी वर्षं बॅटरीचं दुकान चालवलं तुम्ही, दोन पानं लिहा." मी मान हलवली. होकाराची हलवली की नकाराची, ते त्यांना कळलं नसावं. मलाही नीट कळलं नाही. म्हणून लिहून ठेवते. द्यायचं की नाही ते मग पाहू.

आमचं दुकान साकोलीला हायवेच्या कडेला होतं. पुढं टिनाचं छप्पर, बाहेर एक बाक, आत लाकडी फळ्यांवर ओळीनं बॅटऱ्या आणि कोपऱ्यात घुमणारा चार्जर. हे काम ह्यांचं. हे नागपूरला एका गॅरेजात शिकून आले होते. पण ह्यांचा जीव लाउडस्पीकरात. आमच्या भागात दिवाळी झाली की गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, दंडारीचे नाचगाण्याचे खेळ होतात, नाटकं होतात. त्या वेळी सगळ्या गावांत वीज नव्हती. हे भोंगे आणि बॅटऱ्या बैलगाडीत घालून निघाले की आठ-आठ दिवस घरी यायचे नाहीत. जाताना मला सांगायचे, "तू फक्त पाणी पाहत जा." मी पाणी पाहत गेले आणि पाहता पाहता धंदा शिकले.

बाहेरच्या माणसाला वाटतं, कोठीत धान भरावं तशी बॅटरीत वीज भरलेली असते. तसं नाही. आत शिशाच्या जाळ्या ॲसिडच्या पाण्यात उभ्या असतात. चार्जर लावला की ते पाणी जड होतं, वापरली की हलकं होतं. काचेच्या पिचकारीनं थोडं पाणी ओढायचं. पिचकारीतली तरंगती कांडी वर आली तर बॅटरी भरली, बुडाली तर उतरली. मला पुढं पुढं पिचकारीही लागायची नाही. भरत आलेली बॅटरी बारीक बुडबुड करते, भात शिजत आल्यावर करतो तशी. त्या आवाजावर मी ओळखायची.

ॲसिडनं माझ्या प्रत्येक लुगड्याला भोकं पडली होती. शेजारच्या बाया म्हणायच्या, "तुहं बरं हाय, उन्हाळ्यात हवा लागते." एकदा एका शेतकऱ्यानं ट्रॅक्टरची बॅटरी आणली, आतलं पाणी गढूळ. त्यात त्यानं विहिरीचं पाणी भरलं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं तर तो म्हणाला, "गोड पानी हाय बाई, आमी सारे तेच पितो." त्याच्या बॅटरीवर मला 'मेली' लिहावं लागलं.

हे लिहिणं सुरू झालं माझ्या लाजेमुळे. गिऱ्हाईक सगळे पुरुष. ड्रायव्हर, ट्रॅक्टरवाले, जीपवाले. त्यांच्याशी बोलायचं मला जमायचं नाही. मी पदर पुढं ओढून बॅटरीवर खडूनं लिहायची आणि बाजूला व्हायची. ड्रायव्हर मला मुकी वहिनी म्हणत. एका म्हाताऱ्या ट्रकवाल्यानं आपल्या बॅटरीवर 'मेली' वाचलं आणि हात जोडून म्हणाला, "वहिनी, नऊ वर्स साथ देल्ली तिनं. निदान 'वारली' तं लिहा." त्या दिवशी मी आत जाऊन पोट धरून हसले. बाहेर मात्र तोंडातून शब्द निघाला नाही.

कामातही तसंच. गाडीवर बॅटरी बसवायची तर तिच्या डोक्यावर शिशाच्या दोन खुंट्या असतात, एक प्लसची, एक मायनसची. त्यांच्यावर तारांचे चाप बसवायचे, पान्यानं गच्च आवळायचे आणि आवळून झाल्यावर वरून ग्रीस लावायचं, म्हणजे हिरवा क्षार चढत नाही. मी ते ग्रीस अंगठ्यानं घ्यायची आणि खाली मान घालून, गोल गोल फिरवत, सावकाश लावायची. का लावते, कधी लावते, हे मी कोणाला सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी सांगितलं नसतं.

आता ठेकेदाराच्या नावेचं सांगते. साल आठवत नाही. माझी थोरली पोरगी तेव्हा पहिलीत होती, म्हणजे अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशी असेल.

बाबूरावजी नावाचे एक ठेकेदार होते. पाटाची, रस्त्याची कामं घेत. मोठं शरीर, मोठा आवाज. त्यांना एकच नाद, गळ टाकून मासे धरायचा. बाजारातला मासा त्यांच्या घशाखाली उतरत नसे. साकोलीपासून काही कोसांवर एक जुना मोठा तलाव आहे, तिथं त्यांनी लोखंडी नाव ठेवली होती. तिला जुन्या जीपचं इंजिन बसवलं होतं. वर कापडाचं छत, पुढं दिवा आणि भोंगाही. तलावात समोरून कोण येणार होतं, पण भोंगा होता. जीपचं इंजिन हँडल मारूनही सुरू होतं, पण नावेत ते असं बसवलं की हँडल फिरवायला जागाच उरली नाही. म्हणजे सगळी मदार सेल्फवर, बटण दाबलं की इंजिन फिरवणाऱ्या मोटरवर, आणि सेल्फची मदार बॅटरीवर.

नाव सांभाळायला सीतारामभाऊ होते. त्याच तलावाच्या काठचे. वय पन्नासच्या पुढं, शब्दाला जड, हाताला हलके. त्यांचं आणि माझं बरं जमायचं, कारण दोघंही बोलायचो नाही.

पोळ्याच्या सुमारास बाबूरावजींनी आमच्याकडून नवी बॅटरी नेली. साडेपाचशे रुपये रोख. त्या वेळी आमच्या दुकानातून गेलेला तो सगळ्यात मोठा माल होता. दसऱ्याला सीतारामभाऊ ती सायकलच्या कॅरिअरला बांधून परत घेऊन आले. म्हणाले, "सेल्फ मारत नाई." पाहिलं तर उतरलेली. पण इतकी स्वच्छ बॅटरी मी कधी पाहिली नव्हती. राखेनं आणि चिंचेनं घासून खुंट्या चांदीसारख्या चकचकीत केलेल्या. एका खुंटीच्या खाचेत लाल रंग दिसला. प्लसला खूण म्हणून लाल रंग देतात, त्यातलाच असेल असं मला वाटलं. मी रात्रभर चार्जिंगला लावली, 'झाली' लिहिलं, दिली. तोपर्यंत सीतारामभाऊ बाहेरच्या बाकावर बसून मी जीपगाड्यांचं काम कसं करते ते बारीक नजरेनं पाहत होते.

दिवाळीनंतर पुन्हा तेच. पुन्हा घासलेली, पुन्हा उतरलेली. नव्या मालाची चार्जिंग म्हणून दोन्ही वेळा मी पैसे मागितले नाहीत. खरं म्हणजे मागायचे तर तोंड उघडावं लागलं असतं.

तिसऱ्या वेळी घोटाळा झाला. बाबूरावजींनी भंडाऱ्याहून काही साहेब लोकांना मासेमारीला बोलावलं होतं. जाताना नाव झोकात गेली. मधल्या पाण्यात इंजिन बंद करून गळ टाकले, आणि परत निघायच्या वेळी सेल्फनं नुसतं 'टक' केलं. भोंगा वाजत होता, दिवा लागत होता, इंजिन हलत नव्हतं. पाणी खोल, बांबू तळाला पोचेना. वाऱ्यानं नाव वाहत वाहत शिंगाड्याच्या वेलांत जाऊन अडकली. साहेबांना पँट गुडघ्यापर्यंत दुमडून शिंगाड्यांतून काठावर यावं लागलं. शिंगाड्याला काटे असतात हे त्या दिवशी त्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी साकोलीचा बाजार. दुकानापुढं गर्दी. बाबूरावजी जीपमधून उतरले, तशीच घासून चकचकीत केलेली बॅटरी माझ्या टेबलावर आदळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई, हे नवी बॅटरी हाय?"

मी मान हलवली.

"मान कायले हालवता? तोंडानं सांगा. नवी हाय का जुनी धुऊन देल्ली?"

बाजाराचे लोक जमा झाले. मला एवढंच म्हणायचं होतं की बॅटरी चांगली आहे. दोन शब्द. ते घशापर्यंत आले आणि तिथंच बसले. हे त्या वेळी एका मंडईत होते. मी डबा उघडला, साडेपाचशे रुपये मोजले आणि त्यांच्यापुढं ठेवले. मला वाटलं, पैसे दिले की माणूस जाईल आणि सगळे माझ्याकडे बघायचे थांबतील. बाबूरावजींनी पैसे खिशात घातले आणि लोकांकडे वळून म्हणाले, "पाहा, पैसे देल्ले. म्हनजे कबूल केलं."

ते ऐकलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं मी काय केलं ते.

डब्यातले पैसे ह्यांच्या नव्या ॲम्प्लिफायरचे होते. हे परत आले, सगळं ऐकलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "बॅटरी चांगली हाय, एवढं तं म्हनाचं होतं." सासूबाई चुलीपासून बोलल्या, "सूनबाईनं दोन शब्द वाचवले. साडेपाचशेचे पडले."

ॲम्प्लिफायर राहिला, आणि त्या हंगामातल्या दोन मंडया दुसऱ्याकडे गेल्या. पण त्यापेक्षा वाईट म्हणजे आमच्या फळ्या रिकाम्या दिसू लागल्या. एरवी दहा-बारा बॅटऱ्या चार्जिंगला असायच्या, त्या तीन-चारवर आल्या. एक ओळखीचा ड्रायव्हर हसत म्हणाला, "वहिनी, नवी देता का धुतलेली?" तो गमतीनं म्हणाला, पण गंमत कशी पसरते ते मला ठाऊक होतं. या धंद्यात गिऱ्हाईक बॅटरीच्या आत पाहू शकत नाही. तो फक्त आपल्यावर विश्वास ठेवतो. तो विश्वास गेला की चार्जर किती घुमला तरी उपयोग नाही.

मी ती बॅटरी भरली आणि आठ दिवस फळीवर नुसती ठेवली. रोज पिचकारी घालून पाहायची. रोज मोठा बल्ब लावून पाहायची. कांडी जागची हलली नाही. आठव्या दिवशी तिच्यावर 'झाली' लिहिलं. मला पक्कं कळलं की बॅटरी चांगली आहे. पण ते मला एकटीलाच कळून काय होणार.

पुढच्या बाजाराला सीतारामभाऊ मीठ-मिरची घ्यायला आले. दुकानापाशी थांबले. त्यांनाही वाईट वाटत असावं. स्वतःहून बोलले, "वहिनी, मालकानं जीपची बॅटरी लावून पाह्यली नावेले. तेही नाई चालली. मालक म्हनते, तेही जुनी झाली."

जीपची बॅटरी जीपमध्ये चालते आणि नावेत चालत नाही. म्हणजे चोर नावेत बसलेला आहे. मी त्या रात्री सासूबाईंना सांगितलं, "मी रविवारी तलावावर जातो." रविवारी बाबूरावजी तिथं असतातच.

"एकटी?"

"हे नाई ना घरी."

"मंग मी येतो. तू तं तिथं जाऊन मान हालवशीन आनि परत येशीन."

बॅटरी पोत्यात घातली, एक बाजू त्यांनी धरली, एक मी. लाखांदूरकडच्या एसटीत चढलो तर कंडक्टरनं पोत्यावर टिचकी मारली. "काय हाय याच्यात?"

"बॅटरी हाय," सासूबाई म्हणाल्या.

"ॲसिड सांडन ना आजी."

"सांडलं तं माह्या लुगड्यावर सांडन. सुनेच्या लुगड्यावर तं आता जागाच नाई."

कंडक्टरनं पोत्याचं अर्धं तिकीट फाडलं. उतरल्यावर सासूबाई म्हणाल्या, "माही नात बसली असती तं तिचं नसतं घेतलं यानं."

सकाळचं ऊन नुकतं पाण्यावर आलं होतं. नाव काठाला बांधलेली आणि बाबूरावजी तिच्यातच बसून गळ टाकून होते. आम्हांला पाहून म्हणाले, "काय बाई, पैसे परत मांगाले आल्या का?"

मी मान हलवली. सासूबाईंनी मला कोपरानं ढोसलं. मी पोतं उघडलं आणि बॅटरीला बल्ब लावून दाखवला. उन्हातही तो लख्ख पेटला.

"बल्ब तं कोनतीबी पेटवते. माहं इंजिन फिरवून दाखवा."

म्हणून मला नावेत चढावं लागलं. तोपर्यंत मी कधी नावेत पाय ठेवला नव्हता. एक पाय टाकला तर नाव पलीकडे निघाली, आणि मी दोन हातांनी सीतारामभाऊंचा बांबू धरला. सासूबाई काठावरून म्हणाल्या, "आता तरी वरड." मी नाही ओरडले. बसले.

बॅटरी लाकडी पेटीत ठेवली. पेटीच्या झाकणाला झेंडूची सुकलेली माळ होती. सीतारामभाऊंनी चाप चढवले आणि पान्यानं आवळले. भोंगा दाबला, वाजला. दिवा लावला, लागला. मग बाबूरावजींनी सेल्फ दाबला. 'टक'. दिवा विझल्यासारखा झाला. सेल्फ सोडला, दिवा पुन्हा नीट.

"पाहा," बाबूरावजी म्हणाले.

 माझं डोकं चालू झालं, कारण हे मला नवं नव्हतं. दिव्याला वीज थोडी लागते आणि सेल्फला धो धो लागते. आमच्याकडे तलावाच्या पाळीत, म्हणजे मातीच्या बांधात, पाणी सोडायचं भोक असतं, त्याला तुडुम म्हणतात. तुडुमात पेंढा अडकला तर माणसाला हात धुण्यापुरतं पाणी येतं, पण बांधीत, म्हणजे शेतात, धान भिजत नाही. तलाव भरलेलाच असतो. तसंच इथं, बॅटरीपासून सेल्फपर्यंतच्या वाटेत कुठंतरी पेंढा अडकला होता. तो शोधायचा कसा, ते ह्यांनी मला शिकवलं होतं. सेल्फ चार-पाचदा दाबायचा आणि मग प्रत्येक जोडाला हाताची पाठ लावून पाहायची. जिथं वीज अडते तिथं जोड तापतो.

मी खुणेनंच बाबूरावजींना पुन्हा दाबायला सांगितलं. टक, टक, टक. मग सेल्फकडून सुरुवात केली. सेल्फचा नट गार. तार गार. इंजिनाला जाणारा दुसरा जोड गार. शेवटी बॅटरीच्या चापाला हात लावला आणि चटका बसला. दुसऱ्या चापालाही तसाच.

बॅटरी माझी. चाप नावेचे. ते कधी दुकानात आलेच नव्हते.

मी चाप सोडला आणि उन्हात धरून आत पाहिलं. आतून तो लालभडक होता. नखानं खरवडलं तर वाळलेला पापुद्रा निघाला, त्याच्याखाली दुसरा, त्याच्याखाली तिसरा. मारुतीच्या मूर्तीवर चढतात तसे. दुसरा चाप पाहिला, तोही लाल. त्या वेळी मला दसऱ्याची ती लाल खाच आठवली. प्लसचा रंग नव्हता तो.

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "भाऊ, हा शेंदूर कोनं लावला?"

सीतारामभाऊंनी आधी मालकाकडे पाहिलं, मग पाण्याकडे. मग फळीखाली हात घालून नारळाची करवंटी काढली. तिच्यात तेलात कालवलेला शेंदूर होता. "मीच लावतो जी. दर शनवारी."

बाबूरावजी उभे राहिले आणि नाव डोलली. "बॅटरीले शेंदूर? काहून लावला रे?"

"तुमीच तं म्हनलं मालक. बॅटरी आनली त्या दिवशी म्हनलं, सीताराम, सारी शक्ती याच्यात हाय, जपजो. शक्ती कोनाची? मारुतीची. म्हनून शनवारी तेल-शेंदूर." मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "आनि वहिनीही लावतेत ना. मी पाह्यलं. मान खाली घालून, आंगठ्यानं, गोल गोल. एक शब्द बोलत नाई, पूजेवानी. मले वाटलं, शेंदूर सरला असन तं तेल लावतेत."

"मंग दुकानात नेताना कायले घासली?" सासूबाईंनी काठावरून विचारलं.

"देव कोनाच्या घरी न्याचा तं आंघोळ घालून नेतेत ना, आजी."

ते आवळायच्या आधी चापाच्या आत शेंदूर भरत होते. मी आवळल्यानंतर वरून ग्रीस लावत होते. फरक एवढाच. आणि तो एका वाक्यात सांगता आला असता. शेंदराच्या थरातून वीज पुरती बाहेरही येत नव्हती आणि इंजिन चालताना डायनामोची वीज आतही जात नव्हती. म्हणून बॅटरी दर वेळी उतरायची.

बाबूरावजींचा चेहरा करवंटीतल्या शेंदरासारखाच झाला. "साहेब लोकायच्या पायात काटे रुतले तुह्या पूजेपायी. उद्यापासून येऊ नोको तू नावेवर."

सीतारामभाऊ करवंटी हातात धरून उभे राहिले. ते काय बोलणार होते. ते माझ्यासारखेच होते. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि बाजाराच्या दिवशीची मीच मला दिसले.

"त्यायले काहाडू नोका," मी म्हणाले.

बाबूरावजी वळले. मी बोलते हे त्यांना ठाऊकच नसावं.

"त्यायनं माह्यं पाहून केलं. मी ग्रीस लावताना सांगतलं नाई, का पह्यले आवळाचं आनि मंग लावाचं. कोनालेच सांगत नाई मी."

"म्हनजे चूक कोनाची?"

"चूक माही," मी म्हणाले. "बॅटरी चांगली."

इतके दिवस अडकलेले दोन शब्द असे त्या तलावावर निघाले. बाबूरावजींचं पोट हलू लागलं. हसताना ते खालीच बसले. "शक्ती याच्यात हाय, हे तं मीच म्हनलं होतं," ते म्हणाले. "मले का मालूम, हा पूजा मांडन."

मी सासूबाईंकडून पान-सुपारीच्या पिशवीतली सुरी मागितली. दोन्ही चाप आतून खरवडले, शिसं पांढरं चमकेपर्यंत. मग सीतारामभाऊंना जवळ बोलावलं आणि प्रत्येक गोष्ट मोठ्यानं बोलत केली. "पाहा भाऊ, आत काईच नाई लावाचं. कोरडं शिसं कोरड्या शिशाले लागलं पायजे. आता आवळा. आनखी आवळा. आता वरून ग्रीस, तेही थोडं." माझा आवाज पाण्यावरून जाऊन परत येत होता. मला तो ओळखू आला नाही.

"शेंदूर लावाचा कुठी मंग?" सीतारामभाऊंनी विचारलं.

"पेटीच्या झाकनाले लावा. बाहेरून."

बाबूरावजींनी सेल्फ दाबला. इंजिनानं एकदाच खाकरलं आणि सुरू झालं. काठच्या बगळ्यांचा पांढरा थवा एकदम उठला, शिंगाड्यांवरून गेला आणि पलीकडच्या पाळीवर जाऊन बसला. दोर सुटला. सासूबाई काठावरून हाका मारू लागल्या, तेव्हा नाव परत आणून त्यांनाही घेतलं. आम्ही सगळ्या तलावाला एक वळसा घातला. वारा तोंडावर येत होता आणि माझा पदर कधी मागे गेला ते मला कळलं नाही. भोंग्याचं बटण सासूबाईंच्या हाती लागलं. समोर कोणी नव्हतं, तरी त्या परत येईपर्यंत वाजवत होत्या.

मधल्या पाण्यात बाबूरावजींनी इंजिन मुद्दाम बंद केलं आणि पुन्हा सुरू केलं. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा सुरू झालं तेव्हा सीतारामभाऊंना म्हणाले, "उद्या सकाळी लवकर येजो. गळाले गांडूळ काहाडून ठेवजो." म्हणजे नोकरी राहिली.

काठाला उतरल्यावर बाबूरावजींनी खिशात हात घातला. "घ्या बाई, तुमचे पैसे."

सासूबाईंचा हात पुढं गेला होता. मी तो धरला. कुठून बळ आलं ठाऊक नाही. एकदा बोलायला लागल्यावर थांबणं मला जमत नव्हतं.

"इथी नोको. जिथून नेले तिथी द्या."

"दुकानात?"

"बाजाराच्या दिवशी."

त्यांनी रोख परत पाकिटात ठेवली. घरी येताना एसटीत तोच कंडक्टर होता. कंडक्टरनं विचारलं, "आजी, पोतं कुठी गेलं?" तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "कामाले लागलं."

चार दिवस मला झोप आली नाही. वाटे, मोठा माणूस, येतो कशाला. काठावर देत होता ते घ्यायला हवं होतं. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "नाई आले तरी चालन. तू बोलली ना." पण ॲम्प्लिफायर बोलण्यावर येत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

बाजाराच्या दिवशी दुपारी जीप थांबली. बाबूरावजी उतरले आणि टेबलापाशी आले. मागच्या वेळी होते त्यांतले पुष्कळ लोक आजही होते. त्यांनी तोच मोठा आवाज काढला, "आयका. बॅटरी नवी हाय आनि चांगली हाय. माह्या नावेत खोट होती." मग एकेक नोट टेबलावर ठेवत मोजली. साडेपाचशे.

शेंदराचं त्यांनी सांगितलं नाही. सीतारामभाऊ जीपमध्ये बसले होते, म्हणून असेल. मीही नंतर कित्येक वर्षं कोणाला सांगितलं नाही. आज सीतारामभाऊ नाहीत, आणि असते तर हे वाचून हसले असते. ती बॅटरी पुढं साडेचार वर्षं चालली. तेव्हापासून मी ग्रीस लावताना बोलत आले. अगदी अनोळखी ड्रायव्हर असला तरी, आधी आवळायचं, मग लावायचं. मुकी वहिनी हे नाव मात्र गेलं नाही. बोलणाऱ्या बाईला लोक मुकी म्हणत राहिले.

मी नोटा परत एकदा मोजल्या. बाबूरावजी म्हणाले, "झालं ना बाई? बरोबर?"

"नाई," मी म्हणाले. "दोनदा चार्जिंग केली. तीन-तीन रुपये. सहा रायले."

सगळा बाजार हसला. बाबूरावजींनी दोन्ही खिसे चाचपले, पाचाची नोट काढली, एका रुपयासाठी जीपमधल्या सीतारामभाऊंपुढं हात पसरला. सीतारामभाऊंनी कनवटीचा रुपया काढून दिला. मी ते सहा रुपये साडेपाचशेवर ठेवले, डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाले, "आता बरोबर."